कोणत्या आईचं ऐकू?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

माझी आई ७६ वर्षांची आहे. ती शाळेत गणित शिकवायची. नऊ वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं तेव्हा, डोकं अगदी ताळ्यावर असताना, तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं: ‘ज्या दिवशी मी माझ्या मुलांना ओळखणार नाही, त्या दिवशी मी संपले असं समजा. मला नळ्या लावून जगवू नका. न्यूमोनिया झाला तर होऊ द्या.’ दोन वर्षांपासून ती आम्हाला ओळखत नाही. बोलणं चार-पाच शब्दांवर आलंय. पण ती दुःखी नाही. खुर्चीत बसून एका वाटीतली बटणं एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकत असते. मध्येच एखादं शेजारी बसलेल्याच्या हातावर ठेवते आणि मग परत मागते. केस विंचरले की डोळे मिटून गुणगुणते. चार महिन्यांत दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी, सलाईन उपटते म्हणून रुग्णालयात तिचे हात बांधून ठेवले होते. आता गिळताना ठसका लागतो. पोटात नळी घालायची का, ते आठवड्याभरात सांगा असं डॉक्टर म्हणालेत. दादाचं म्हणणं, आई दोन वर्षांपूर्वीच गेली, हे नुसतं शरीर आहे, तिच्या कागदाप्रमाणे करा आणि थांबवा. स्वतःचं भान आणि विचार असेल तोच जीव ‘व्यक्ती’, असं तत्त्वज्ञ म्हणतात, असे लेख तो मला पाठवत असतो. पण तिला मी उपाशी कशी ठेवू? आत्ता हसते ती माझी आई नाही का? की मला तिचं हसू हवंय म्हणून मी तिचा शब्द मोडतेय? कोणत्या आईचं ऐकू?

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी पुन्हा पुन्हा त्या दोन वाट्यांपाशी अडकलो. तत्त्वज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि गेली काही वर्षं मी एका रुग्णालयाच्या नीतिसमितीत बसतो. डॉक्टर मात्र नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण सुरुवात मी औषधपाण्यापासूनच करणार आहे. डॉक्टरांनी तुम्हाला आठवड्याची मुदत दिली आहे. मन म्हणजे काय यावर माणसं अडीच हजार वर्षं भांडताहेत, ती आणखी आठवडाभर थांबतील. आधी नळीचं बघू.

नळी म्हणजे जेवण, नळी नको म्हणजे उपासमार, असं समीकरण तुमच्या पत्रात आहे. यात तुमची चूक नाही, रुग्णालयात प्रश्न बहुतेक वेळा असाच समोर ठेवला जातो. पण स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्याकडे झुकलेला असताना घातलेली नळी आयुष्य वाढवते, असं इतक्या वर्षांच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. ती न्यूमोनियाही थांबवत नाही. फुप्फुसात उतरतं ते फक्त घासातलं नसतं. तोंडातली लाळ जाते, पोटातलं वर येऊन जातं, आणि नळी या दोन्हींना अडवू शकत नाही. वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची अमेरिकेतली संघटना, अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी, हिनं २०१४ साली स्पष्ट सांगितलं की या टप्प्यावर नळी सुचवू नये, हातानं जपून भरवावं. (पक्षाघातातून सावरणाऱ्या किंवा घशाच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. तिथे नळी खरोखर तारून नेते.) शिवाय नळी बोचली की रुग्ण ती उपटतो. मग हात बांधतात, नाहीतर गुंगीचं औषध देतात. तुमच्या आईंचे हात एकदा बांधून झालेले आहेत. नळी घातली तर ते पुन्हा बांधले जाण्याची शक्यता बरीच आहे, आणि या वेळी चार दिवसांत सुटका नसेल. दिवसभर बटणं या वाटीतून त्या वाटीत नेणारे ते हेच हात.

उरतं ते भरवणं, आणि ते शिकावं लागतं. आई पूर्ण जाग्या असतील ती जेवणाची वेळ, मग घड्याळात काही का वाजेना. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. चमचा लहान घ्यायचा आणि तोही अर्धाच भरायचा. घास उतरला की नाही ते तोंडाकडे बघून कळत नाही, गळ्याकडे बघावं लागतं. उतरला की क्षणभर थांबून मग पुढचा. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नका. दात, हिरड्या, जीभ रोज स्वच्छ करा. तोंडातले जंतू कमी झाले तर लाळेबरोबर फुप्फुसात जाणारेही कमी होतात. गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट असतात, कोणता पदार्थ किती घट्ट ठेवायचा ते दाखवतात. त्यांना एकदा तरी गाठा. आणि आईंनी तोंड फिरवलं की जेवण संपलं. त्या दिवशी पोटात कमी जाईल. जाऊ दे. अशा भरवण्यात वजन राखण्याचा हट्ट नसतो, खाताना माणसाला बरं वाटावं एवढंच बघायचं असतं.

यानं आजार थांबणार नाही, हेही सांगायलाच हवं. स्मृतिभ्रंशाच्या अगदी शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ रुग्णांवर अमेरिकेत दीड वर्ष लक्ष ठेवलं गेलं होतं. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात सुमारे ८६ टक्के लोकांना खाण्याची अडचण आली, ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला आणि निम्म्याहून जास्त लोक गेले. तुमच्या वर्णनावरून आई त्या टप्प्यावर नसल्या तरी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ठसका लागणं ही या आजाराचीच पुढची पायरी आहे, तुमच्या भरवण्यातली हयगय नव्हे. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. घरी काळजी घेणाऱ्या माणसाला पुढच्या न्यूमोनियाच्या वेळी पहिला विचार ‘मीच भरवलं होतं’ हाच येतो.

तेव्हा डॉक्टरांना द्यायचं उत्तर तुमच्या आणि दादांच्या वादात न शिरताही मिळतं: नळी नको. आईंच्या कागदातही तेच आहे आणि आजच्या आईंच्या हातांनाही तेच हवंय. दोन आया निदान या एका मुद्द्यावर भांडत नाहीत.

आता दादांचे लेख.

स्वतःचं भान असलेला, विचार करणारा, काल आणि आज आपण एकच आहोत हे ओळखणारा जीव म्हणजे व्यक्ती, ही व्याख्या जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाची, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली. आठवणींच्या धाग्यावर माणूस टिकतो, असा तिचा आशय. तो धागा किती कच्चा आहे हे टॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७८५ मध्ये एका गमतीदार उदाहरणानं दाखवलं. एका मुलानं बागेतली फळं चोरली म्हणून मार खाल्ला, तरुणपणी लढाईत शत्रूचं निशाण पकडलं आणि म्हातारपणी तो सेनापती झाला. निशाण पकडताना त्याला तो मार आठवत होता. सेनापतीला निशाण आठवतं, मार आठवत नाही. मग सेनापती म्हणजे तो मुलगा की नाही? लॉकच्या हिशोबानं एकाच वेळी आहेही आणि नाहीही. वर्गात हे सांगितलं की हशा पिकतो, पण दरवर्षी एखादा विद्यार्थी गप्प बसलेला असतो आणि तास संपल्यावर आजीबद्दल विचारायला येतो.

लॉकनं आणखी एक गोष्ट म्हटली आहे, आणि असल्या लेखांतून नेमकी तीच गळते. ‘व्यक्ती’ हा शब्द न्यायनिवाड्याचा आहे, असं तो स्वतःच म्हणतो. केलेल्या कर्माचं श्रेय कुणाला द्यायचं, शिक्षा कुणाला करायची, हे ठरवण्यासाठी त्याला तो हवा होता. तुमच्या आईंवर कुणी खटला भरत नाहीये. गुन्ह्याचा धनी शोधायला केलेली फूटपट्टी घास भरवायचा की नाही हे ठरवायला घेतली तर माप चुकणारच.

जगणं संपलं कधी म्हणायचं, या व्याख्येचीही हीच गत. व्हेंटिलेटर आल्यापासून, मेंदू कायमचा बंद पडलेल्या माणसाचंही हृदय चालू राहू लागलं. १९६७ च्या डिसेंबरात केपटाउनला पहिलं मानवी हृदयारोपण झालं आणि प्रश्नाला धार आली. १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनं मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले. तुम्ही वरवर चाळले तरी कळेल की यंत्र कधी थांबवायचं आणि अवयव कधी घ्यायचे, ही त्यामागची निकड होती. हान्स योनास या तत्त्वज्ञानं लगेच बोट ठेवलं ते त्यावरच: गरज आधी आणि व्याख्या मागाहून, असं करू नका. पुढे काही विचारवंत म्हणू लागले की अख्खा मेंदू कशाला, विचार करणारा भाग गेला की माणूस गेला. दादांच्या बाजूचे म्हणता येतील असे हेच. पण एकाही देशाच्या कायद्यानं ती व्याख्या उचललेली नाही. त्यांच्या हिशोबानंही, हातावर बटण ठेवून ते परत मागणारी बाई जिवंतच ठरेल.

दादांना मात्र शांतपणे एक विचारा. आई गेली आणि खुर्चीत बसली आहे ती दुसरीच कुणी असेल, तर आईचा कागद हिला का लागू करायचा? माझं इच्छापत्र माझ्या शेजाऱ्याच्या शरीरावर चालत नाही. आणि कागद हिला लागू होतो असं म्हणत असाल, तर ही तीच आहे हे तुम्ही मान्य केलंत. मग बटणांत रमणारीही तीच. मला माहीत आहे, हा युक्तिवाद दुधारी आहे. तो लगेच तुमच्याकडेही वळतो. ही माझीच आई आहे असं तुम्ही म्हणता, तेव्हा नऊ वर्षांपूर्वी टेबलाशी बसून ती वाक्यं लिहिणारी बाईही हीच. हसू ठेवून घेतलं आणि कागद कपाटात ढकलला, असं करता येणार नाही.

इंग्रजीतून येणाऱ्या या वादात मनासाठी एकच शब्द असतो आणि त्यात सगळं कोंबलेलं असतं. आपण रोजच्या बोलण्यात किती वेगळं बोलतो बघा. स्मरण जातं, बुद्धी चालत नाही, भान हरपतं, मन लागत नाही, जीव रमतो. पाच वेगळी क्रियापदं, पाच वेगळ्या गोष्टी. आईंचं स्मरण गेलं. फळ्यावर समीकरण सोडवणारी बुद्धी गेली. भान? तारीख-वार यांचं नाही, पण शेजारी कुणी बसलंय याचं आहे, नाहीतर बटण कुणाच्या हातावर ठेवलं असतं? मन आहे. विंचरलेलं त्याला आवडतं, बांधलेलं आवडत नाही. आणि जीव कुठे रमतो ते तुम्हीच लिहिलंय. ‘आई गेली’ म्हणताना दादा पहिल्या दोन गोष्टींबद्दल बोलतात, ‘आई आहे’ म्हणताना तुम्ही उरलेल्या तीन गोष्टींबद्दल. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

कागद पुन्हा काढा. त्यात तीन वाक्यं आहेत आणि तुम्ही दोघंही ती एका दमात वाचता. पहिलं वाक्य, ‘ओळखणार नाही त्या दिवशी मी संपले’, हे भाकीत आहे. दुसरं, ‘नळ्या लावून जगवू नका’, ही मागणी आहे. तिसऱ्यात मुभा आहे: ‘होऊ द्या’. भाकीत चुकू शकतं, अगदी गणिताच्या बाईंचंसुद्धा. निदान नुकतंच झालेल्या, घाबरलेल्या माणसाला पुढचा काळ नुसता काळोख दिसतो. त्यात बटणं असतील, गुणगुणणं असेल, हे त्यांना तेव्हा कसं सुचावं? दादा या भाकिताला आज्ञा समजून चालले आहेत. मागणी मात्र भाकितावर उभी नाही. मी कशी राहू इच्छिते, माझं शरीर कुणाच्या ताब्यात असावं, याबद्दलचा तो त्यांचा आयुष्यभराचा कल आहे. तो भाकीत चुकल्यानं खोटा पडत नाही.

यावर विचारवंतांत जुना झगडा आहे. १९९१ मध्ये वैद्यकीचा एक विद्यार्थी, अँड्र्यू फिरलिक, यानं मार्गो नावाच्या एका रुग्णाबद्दल लिहिलं. तिला अल्झायमर होता. हातातल्या कादंबरीची पानं ती वाटेल तशी उलटायची, एकच चित्र पुन्हा पुन्हा रंगवायची, आणि आपण भेटलो त्यांत ही सगळ्यांत आनंदी माणसांपैकी एक, असं त्याला वाटलं. कायद्याचे तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी मग विचारलं: हिनं शहाणपणी ‘मला जगवू नका’ असं लिहून ठेवलं असतं तर? त्यांचं उत्तर होतं, कागद पाळा. माणसाला चवीढवीच्या, घटकाभराच्या सुखापलीकडे आपलं आयुष्य एकूण कसं असावं याची एक आस असते, ती वरचढ. कायद्याच्या प्राध्यापक रिबेका ड्रेसर यांनी उलट बाजू घेतली. समोर बसलेल्या बाईला त्या कागदाचा पत्ताही नाही, तिच्या आजच्या सुखदुःखावर एका जुन्या पानानं का राज्य करावं? मला स्वतःला तत्त्वज्ञ अग्निएश्का यावोर्स्का यांचं म्हणणं जवळचं वाटतं. आठवण गेली तरी एखादी गोष्ट मोलाची वाटणं शिल्लक राहू शकतं, आणि ते जोवर आहे तोवर माणसाला आजचं मत आहे, असं त्या म्हणतात. बटणं ही आईंची नुसती सवय आहे की मोलाची गोष्ट, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकाल. वाटी उचलली तर त्या नुसत्या दुसरं काही शोधतात, की ‘माझं आहे ते’ अशा नजरेनं बघतात?

दादांच्या ‘थांबवा’ या शब्दाचाही अर्थ लावून घ्या. तो मोठा शब्द आहे. २०१६ साली नेदरलँड्समध्ये एका ७४ वर्षांच्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्ण महिलेला, तिच्या आधीच्या लेखी इच्छेनुसार, डॉक्टरनं मृत्यू दिला. आधी कॉफीतून गुंगीचं औषध दिलं होतं. प्राणघातक औषध देताना ती उठू लागली, तेव्हा घरच्यांनी तिला धरून ठेवलं. खटला झाला, डॉक्टर निर्दोष सुटली आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं लेखी इच्छा ग्राह्य धरली. तरी त्या ‘धरून ठेवलं’ या दोन शब्दांपाशी अनेकांचा घास अडतो. माझाही. तुमच्या आईंनी असलं काही मागितलेलं नाही. त्यांनी उपचार नाकारले आहेत. चमचा जवळ नेल्यावर जो माणूस तोंड उघडतो त्याला घास देऊ नका, असं त्या कागदात कुठेही नाही, आणि दादांनी ‘थांबवा’मध्ये ते धरलं असेल तर त्यांना सरळ नाही म्हणा.

राहिला न्यूमोनिया. तो बहुधा परत येईल, आणि येईल तो रात्री दोन वाजता, तुम्ही एकट्या असताना. तेव्हा ठरवायला बसू नका, आत्ता ठरवा. अशा रुग्णांच्या न्यूमोनियावर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की अँटिबायोटिकनं आयुष्य वाढलं, पण रुग्णाला आराम जास्त पडला नाही. मी एक सोपी चाळणी लावतो. जो उपचार आईंच्या आजच्या दिवसातून काही हिरावून घेतो, म्हणजे भरती, सलाईन, बांधलेले हात, तो नको. तिथे कालची आई आणि आजची आई एका बाजूला आहेत. ताप उतरवणं, धाप कमी करणं, वेदना शमवणं हे काहीही झालं तरी हवंच, आणि त्यासाठी वेदनाशामक उपचार करणाऱ्यांची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, मदत आजच घ्या. धापेवर मॉर्फिनचा अगदी छोटा डोस उपयोगी पडतो. ‘मॉर्फिन’ म्हटल्यावर दचकू नका, डॉक्टरांना विचारा.

अडचण उरते ती मधल्या जागेत. घासातून देता येणारी अँटिबायोटिकची गोळी. ती आजच्या आईंना काही त्रास देणार नाही, फक्त दिवस वाढवेल. इथे दोन आया खरोखर वेगळं बोलतात. माझा कौल कागदाकडे आहे, कारण आईंनी न्यूमोनियाचं नाव घेऊन लिहिलंय आणि ते लिहिताना त्यांना त्याचा अर्थ कळत होता. समितीत माझे काही सहकारी उलट कौल देतील आणि मी त्यांना निर्दय किंवा भोळे म्हणणार नाही. तुम्ही ती गोळी एकदा दिलीत तर आईंचा शब्द मोडलात असंही मी म्हणणार नाही, कारण त्यांनी ‘होऊ द्या’ म्हटलंय, ‘झालाच पाहिजे’ असं नाही.

जे ठरेल ते एका पानावर लिहा. ताप आला तर काय, धाप लागली तर काय, फोन कुणाला, रुग्णालयात न्यायचं की नाही. त्यावर डॉक्टरांची सही घ्या आणि पान दाराजवळ ठेवा. आईंच्या कागदाला कायद्यानं किती वजन आहे, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. रुग्णालयाकडून ते लेखी विचारून घ्या. आणि आणीबाणीत बोलणारा माणूस एकच ठरवा. माझ्या मते तो तुम्ही, कारण रात्री दोन वाजता घरात तुम्ही असता.

‘तिचं हसू मला हवंय म्हणून’ असं तुम्ही लिहिलंय. हवंय, मग काय झालं? तिच्या हसण्यात तुमचा लोभ आहे म्हणून तिचं हसू खोटं ठरत नाही. स्वार्थ तपासायचा असेल तर एवढंच बघा: तुम्हाला जे हवंय त्याची किंमत आई मोजतेय का? केस विंचरण्यात ती काही मोजत नाही. नळीत मोजली असती.

दादांबद्दल तुमच्या पत्रात राग आहे, तो मी समजू शकतो. पण त्यांची आई बहुधा बोलण्यातली आई होती, गणितं घालणारी, वाद घालणारी. ती खरंच गेली आहे, आणि तिच्यासाठी रडायला कुणी जमलं नाही, कारण माणूस समोर बसलेलं आहे. पॉलिन बॉस या मानसशास्त्रज्ञांनी अशा दुःखाला संदिग्ध वियोग म्हटलंय. ‘हे नुसतं शरीर आहे’ असं दादा म्हणतात तेव्हा ते तत्त्वज्ञान सांगताहेत असं समजून उत्तर देत बसू नका. तुमची आई अजून घरी आहे, पण त्यांची गेली. तसं एकदा त्यांना म्हणून बघा.

हे वाचणाऱ्या, अजून सगळं ठणठणीत असलेल्या मंडळींसाठी एक. असा कागद लिहाल तर नुसत्या सूचना लिहू नका, कारणं लिहा. ‘नळी नको’ यापुढे ‘कारण मला बांधून घेणं सहन होत नाही’ किंवा ‘कारण मुलांचा पैसा आणि झोप जाईल’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला परिस्थिती बदलल्यावर काय करायचं ते कळतं. आणि सगळ्यांत अवघड प्रश्न स्वतःच सोडवून ठेवा: मी कुणाला ओळखत नाहीये, पण मजेत आहे, तर काय? त्याचं उत्तर तुमच्या मुलांवर टाकू नका. दर दोन-चार वर्षांनी कागद काढून पुन्हा वाचा, मत बदललं असेल तर तारीख घालून बदला.

डॉक्टरांना उद्या फोन करा. नळी नको, स्पीच थेरपिस्टची वेळ हवी, आणि पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी हवी, एवढंच सांगायचं आहे. दादा पुढच्या खेपेला येतील तेव्हा दुपारचं भरवणं त्यांच्याकडे द्या. तुम्ही खोलीत थांबू नका, सूचनाही देऊ नका, गळ्याकडे बघायचं तेवढं सांगून ठेवा. आणि जेवणानंतर वाट्या पुढे घेऊन आईंनी त्यांच्या हातावर बटण ठेवलं, तर ते घ्यायचं असतं, आणि मागितलं की परत द्यायचं असतं, हेही.